अर्ध्या टाक्यांचं गणित

मास्तर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा भिलाईत धानाची शेतं होती. आता माझ्या क्वार्टरच्या अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर भट्टीची लाल धूळ बसते, आणि मी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात दुसऱ्यांनी केलेली गणितं तपासतो. माझी सही झाली की लोखंड उभं राहतं. मोठेपणा सांगत नाही. गेल्या मंगळवारपासून मला त्या सहीचीच भीती वाटते आहे.

मंगळवारी आपल्या बंदरातल्या जुन्या ऑफिसचं पत्र आलं. लढाईच्या दिवसांत आपण जिचे नकाशे काढले ती टेंडर तुम्हाला आठवत असेलच: छोट्या टॉर्पेडो बोटींना तेल, पाणी, टॉर्पेडो पुरवणारी, बिघडलेली बोट क्रेनने उचलून दुरुस्त करणारी नौका. त्या बोटींवर धड झोपायलाही जागा नसते, म्हणून त्यांच्या खलाशांची झोपायची सोयसुद्धा आपण हिच्याच पोटात केली होती. लढाई संपली, नौका कोणालाच नको झाली, नकाशे कपाटात गेले. आता ती त्याच नकाशांवरून बांधायचं चाललं आहे. गणितं माझ्या हस्ताक्षरात, खाली सही तुमची. आकडे तसेच धरायचे का, आठवड्यात कळवा, एवढंच विचारलंय.

तुमच्या स्वयंपाकघरातली ती सकाळ आठवते. काकूंनी पितळी परात पाण्याने अर्धी भरली आणि तुम्ही म्हणालात, "ने बरं मोरीपर्यंत." तीन पावलं गेलो असेन, पाणी एका अंगाला धावलं, परात कलली आणि सगळं माझ्या पायांवर. काकू म्हणाल्या, "पोराले धुऊन काढलं तुम्ही!" तुम्ही हसत नव्हता. "पाहिलं? भरलेली टाकी गप बसते, रिकामी तर बसतेच. अर्धी टाकी घात करते. अन् आपली नौका तर वाटत फिरणार, तिच्या टाक्या सदा अर्ध्याच. तेल खालून जाईल, क्रेन वरच राहील. त्यात एक बोट क्रेनले लटकली असली तर? ते गणित वेगळं कर."

मी ते केलं नाही. माझं लग्न ठरलं होतं, त्याच संध्याकाळी नागपूरची गाडी होती, आणि ते गणित तीन-चार तासांचं होतं. तुम्ही टेबलाशी आलात. "अर्ध्या टाक्यांचं झालं का?" मी हो म्हणालो. "आकडा?" मी भरलेल्या टाक्यांचा आकडा घेतला आणि तो खरा वाटावा म्हणून जरासा वाईट करून सांगितला. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती घाई होती. घाईत माणूस विसरतो. आकडा किती वाईट करावा याचा विचार करत नाही. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून कागदाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "शाबास. कमी आला तर कमी लिहिला. लपवला नाहीस." सही केलीत, आणि लग्नाचा आहेर म्हणून तुमची स्वतःची स्लाइडरूल माझ्या हातात ठेवलीत.

आज रविवार. पत्रासोबत आलेली मापं घेऊन मी त्याच स्लाइडरूलने गणित करायला बसलो. टाक्या अर्ध्या, एक बोट क्रेनला. कललेली नौका पुन्हा सरळ होण्याचं बळ किती उरतं, ते काढायचं. उत्तर उणे येतं. म्हणजे ती सरळ होत नाही, कलतच जाते. तीनदा केलं. तिन्ही वेळा उणे. बायको दारात येऊन उभी राहिली.

"सकाळपासून काय आकडे मांडून राहिले? दोनदा चहा थंडा झाला."

मी तिला सगळं सांगितलं. ती खाली बसली.

"नौकरी जाईल का?"

"जाऊ शकते. इथली माझी सगळी गणितं पुन्हा तपासतील."

"अन् नाही सांगितलं तर?"

"नौका उलटेल. कदाचित."

"कदाचित कावून म्हणता? तीनदा तर काढलं तुम्ही." तिने कागद आपल्याकडे ओढला. "तिच्यात माणसं किती झोपणार?"

मी सांगितलं. ती उठून आत गेली.

उत्तराचा पहिला मसुदा मी शुक्रवारीच लिहिला होता, मास्तर. त्यात होतं की ते गणित मी केलं नव्हतं, ते काम तुमच्याकडे होतं. तुम्ही नाही म्हणायला येणार नव्हता. तो कागद आज चुलीत घातला. दुसऱ्यात लिहिलंय की गणित झालंच नव्हतं, आकडा मी बनवला, तुम्ही माझ्या शब्दावर सही केलीत, नौका या नकाशांवरून बांधू नये. तो उद्या रजिस्टर टपालाने जाईल. पाकीट बायकोने तिच्याकडे ठेवून घेतलं आहे, माझ्याकडे राहू दिलं नाही. ते बरंच झालं. तुम्हाला लिहिलेलं हे पत्र मात्र कुठल्या पत्त्यावर जायचं नाही, म्हणून यात एक गोष्ट लिहून ठेवतो. तुम्ही हयात असता आणि हे तुमच्या तोंडावर कबूल करायचं असतं, तर मी ते पाकीट भरलं असतं का, याचा सकाळपासून विचार करतो आहे. बहुधा नाही.