मनगटापुढचा हात

३ मार्च, मंगळवार

पुन्हा भोकं! चित्रात जागोजागी काळी भोकं, आणि वरून आडव्या रेघा सरकताहेत. हा कॅमेरा रंग बघत नाही, अंतर बघतो — पुठ्ठा किती लांब, पातं किती लांब, हात किती लांब. हात पात्याजवळ आला की लाल दिवा लागायला हवा आणि पुठ्ठा कापणारा प्रेस थांबायला हवा. एवढं एकच काम, तेही धड नाही. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा उघडा राहण्याचा वेळ, वाढवलं की भोकं भरतात, पण पुठ्ठा सरकवणारा हात इतक्या वेगात पळतो की चित्रात त्याचा नुसता फराटा होतो. कमी केलं की भोकं हजर.

साहेब म्हणाले, "शनिवारी जाळी निघणार म्हणजे निघणार." पात्यापुढची लोखंडी जाळी दर खेपेला वर उचलावी लागते, त्यात वेळ जातो म्हणे. ती गेली की पातं आणि हात यांच्यामध्ये फक्त माझा कॅमेरा. आणि सकाळच्या पाळीत तो हात दादाचा असतो. माझ्या सख्ख्या भावाचा.

दुपारच्या पाळीला प्रेसवर मावशी असतात, अख्ख्या कारखान्याच्या मावशी. कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे करत म्हणाल्या, "चांगली दिसते का गं मी?" म्हटलं, मावशी, तुम्ही किती लांब आहात तेवढंच त्याला कळतं. "मग आमच्या ह्यांच्यासारखाच की!"

४ मार्च, बुधवार

रेघांचा उगम सापडला. ट्यूबलाइट! आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण ती सारखी लुकलुकते. कॅमेऱ्याचा डोळा इतका थोडा वेळ उघडतो की कधी उजेडात सापडतो, कधी अंधारात. इलेक्ट्रिशियनच्या मागे हात धुऊन लागले, प्रेसवरच्या चारही ट्यूब काढून न लुकलुकणारे दिवे बसवून घेतले. रेघा गेल्या. भोकं जिथल्या तिथे.

५ मार्च, गुरुवार

पातं बंद ठेवून चाचणी घेतली. दादाने वीस वेळा हात आत नेला. सतरा वेळा दिवा लागला. तीनदा नाही.

चुकलेलं चित्र उघडलं. दादाचा दंड, कोपर, मनगट — आणि पुढे हातच नाही. त्या जागी काळं भोक. दादा मागून वाकून बघत होता. हातमोज्यासकट पडद्यावर बोट टेकवून म्हणाला, "अरेच्चा, माझा पंजा कुठे गेला?" याला हसू तरी कसं सुचतं! पडद्यावर डाग पाडलास म्हणून त्याच्यावर उगाच खेकसले. मग म्हटलं, उजेड कमी पडतोय, दुसरं काही नाही. तो त्या चित्राकडे बघतच राहिला.

उजेडच असणार. दुसरं काय असणार?

६ मार्च, शुक्रवार

चाळीसपैकी चाळीस!

कॅमेरा न दिसणाऱ्या उजेडाचे ठिपके टाकतो, ते बघून अंतर ओळखतो. सकाळी ते ठिपके जास्त प्रखर केले. बाकी कशाला हात लावला नाही. साहेब स्वतः शेजारी उभे होते. दादा हात आत नेई, दिवा लागे. एकदाही चुकला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

जिवात जीव यायला हवा होता. आला नाही. काल तीन चुका आणि आज एकही नाही, एवढ्याशा बदलाने? आणखी दोन दिवस मागितले. "चाललंय ना? मग कशाला उकरतेस?" साहेबांपुढे मला नाही म्हणता येत नाही, बरं म्हणून बसले.

संध्याकाळी वहिनी दादाच्या बोटांना मलम लावत होती. पुठ्ठ्याच्या कडांनी बारीक बारीक चिरा पडल्यात. "लहान मुलं बरी तुमच्यापेक्षा," ती म्हणाली. दादाने दुसरा हात पुढे केला. मी समोरच बसले होते, पण डोक्यात चाळीसपैकी चाळीस.

७ मार्च, शनिवार

दुपारी, दादाची पाळी संपल्यावर जाळी काढली. वेल्डरने बिजागऱ्यासुद्धा कापून टाकल्या. पातं असं उघडं आधी कधी बघितलं नव्हतं. मी तिथून हलेना, तेव्हा दादा मला चहा प्यायला घेऊन गेला.

उद्या रविवार असूनही प्रेस चालू ठेवणार आहेत. मावशी येतील.

८ मार्च, रविवार

जेवताना दादाला विचारलं, बोटं झोंबतात का अजून? म्हणाला, "उद्यापासून हातमोजे घालेन ना, आता तू सगळं नीट केलंयस. शुक्रवारी काढून ठेवले होते. काळे घातले की तुझा दिवा कधीकधी लागत नाही, त्या चित्रात दिसलं मला. म्हटलं, तुझी परीक्षा आहे, कशाला बोला."

काळं रबर ठिपके गिळून टाकतं. त्याला दिसलं, मला दिसलं नाही. आणि मावशींचे हातमोजेही काळेच!

उष्ट्या हातानेच फोन लावला. सुपरवायझरने प्रेस बंद केला. मावशींना फोनवर बोलवा म्हटलं. त्या आल्या. "हातमोजा तर काढू दे गं, फोन निसटतोय." म्हटलं, मावशी, दोन्ही काढा आणि बोटं मोजा. "वेड लागलं का तुला?" मी रडायला लागले तशी त्यांनी मोठ्याने मोजली, एक एक करत. दहा होईपर्यंत दादाने घास उचलला नाही.