दुसऱ्यांची मेंढरं माझ्या नावावरून कमी करण्याबाबत

प्रति,
मा. आयकर अधिकारी साहेब,
नवीन करदाता शोध कक्ष, पुणे.

अर्जदार : आबाजी बिरू बरकडे, वय ७१, धंदा मेंढपाळ, मु. बरकडे वस्ती, पो. लोणी भापकर, ता. बारामती.

विषय : माझ्या नावावर लागलेल्या ६१२ मेंढ्यांपैकी ५१८ माझ्या नसल्याने काढून टाकण्याबाबत, त्यातही म्हाळसाबाईच्या ३१ दिवाळीच्या आत.

संदर्भ : आपली नोटीस दि. १४ ऑगस्ट १९९८ व त्यानंतरचे माझे चार हेलपाटे.

महोदय,

वरील विषयी सविनय अर्ज करतो तो येणेप्रमाणे.

१. आमची सात घरे मिळून मेंढरं राखतात. त्याला आम्ही वाडा म्हणतो. दिवाळी झाली की वाडा कोकणात उतरतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला माघारी येतो. वाड्यात वयाने जो मोठा, त्याचे नाव बाहेर सांगायचे अशी रीत आहे. वाटेत फॉरेस्टवाल्याने विचारले की सगळे म्हणतात, "आबाचा वाडा हाय." म्हणून मेंढरं आबाची, असा अर्थ आजवर कोणी काढला नव्हता. मागच्या साली लस टोचायला माणूस आला. त्याच्या वहीत एका कळपाला एकच नाव बसत होते. सातही घरांनी माझे सांगितले आणि मी मान डोलावली. माझी चूक झाली ती एवढीच.

२. ती वही आपल्याकडे पोहोचली आणि मी मालदार झालो. दुसऱ्या हेलपाट्यात आपल्या साहेबांनी मला बसवून समजावले की, दिल्लीच्या बजेटात तूट आहे, खर्च दांडगा आणि जमा कमी, सबब जे कर भरत नाहीत ते हुडकून काढा असा वरून हुकूम आहे. ते मला पटले. तूट आमच्यातही पडते. चारा सरला की आम्ही चार मेंढे विकतो, भाकरीबरोबरचे कोरड्यास बंद करतो. शेजाऱ्याची मेंढरं आपली म्हणून मोजत नाही.

३. नोटिशीत दर मेंढीमागे सालाला दोन कोकरं धरली आहेत. ६१२ मध्ये २३ मेंढे आहेत. त्यांनाही प्रत्येकी दोन कोकरं धरली आहेत. मेंढा नर असतो हे मी टेबलावर हात टेकून सांगितले, तर क्लार्कसाहेब म्हणाले की नमुन्यात तसा रकाना नाही. शिवाय सणसरचे दत्तोबा यांच्या रानात आम्ही रात्री मेंढरं बसवतो, लेंड्यांचे खत त्यांच्या उसाला होते आणि ते आम्हाला ज्वारी देतात. दत्तोबांचा वीस एकर ऊस शेती म्हणून करमाफ आहे. त्याच खताबद्दल मला मिळालेली तीन पोती ज्वारी मात्र करात धरली आहे. दत्तोबा भला माणूस आहे, त्याच्यावर माझा राग नाही. हा कायदा ज्याने लिहिला त्याला मात्र एकदा लेंड्या गोळा करायला धाडावे असे वाटते. याबद्दल माफी असावी.

४. तिसऱ्या हेलपाट्यात सांगण्यात आले की, प्रत्येक घराने आपापली मेंढरं किती ते स्टँपपेपरवर लिहून द्यावे. मी सगळ्यांना बारामतीस नेले. मी माझ्या ९४ लिहिल्या. माझ्या मयत भावाची बायको म्हाळसाबाई हिने ३१ लिहिल्या व अंगठा केला. बाकी पाच घरांना भीती पडली की खरे लिहिले तर आपल्यालाही नोटीस येईल. ज्याच्या शंभर त्याने चाळीस लिहिल्या. बेरीज ३४७ झाली. राहिलेल्या २६५ मेंढ्यांना जगात मालक उरला नाही. त्या रोज सकाळी उठून चरायला जातात व पाणी पितात, हे मी डोळ्यांनी पाहतो. आकडा जुळत नाही म्हणून आपल्या कार्यालयाने सातही कागद रद्द केले व सगळ्या ६१२ पुन्हा माझ्या नावावर लावल्या. खोटे लिहिणारांबरोबर म्हाळसाबाईचा खरा कागदही रद्द झाला.

५. इथवर सोसले असते. पण आपली नोटीस माझा मुलगा नागेश याने वाचली. तो दहावी शिकलेला आहे. गेल्या आठवड्यात म्हाळसाबाईने डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सहा मेंढ्या काढल्या, व्यापारी दारात आला. नागेश आडवा झाला. त्याला म्हणाला, "आबांच्या नावाची मेंढरं हायत. सरकारनं लिवून दिलंय. आबांना इचारल्याबिगर सौदा न्हाय." व्यापारी निघून गेला. म्हाळसाबाई माझ्याकडे आली व म्हणाली, "आबा, माजी मेंढरं माजीच हायत न्हवं?" चाळीस वर्षे आम्ही एका चुलीची राख वापरली. तिने मला असे विचारावे याची मला लाज वाटली. नागेशला बोललो तर तो म्हणतो, "आबा, तुमी गप बसा. कर भरू, पावती घिऊ. मग समदी आपलीच."

तरी साहेब, माझी अडचण ही आहे. कर नाही भरला तर मी सरकारचा चोर. कर भरला तर म्हाळसाबाईचा चोर. ती पावती म्हणजे नागेशच्या हातात सातबारा. मी ७१ वर्षांचा आहे. मी मेल्यावर तो कागद काढील आणि हिच्या अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांदेखत ३१ मेंढरं हाकून नेईल. तो नेणार आहे, हे मी बाप म्हणून लिहितो.

सबब विनंती की, माझ्या ९४ वर काय तो कर लावावा, वर दंड लावावा, हवे तर जप्त करावीत. पण म्हाळसाबाईची ३१ मेंढरं तिच्या नावाने वेगळी लिहावीत व तसा शिक्क्याचा कागद तिच्याच हातात द्यावा. माझ्या घरी पोस्टाने पाठवू नये. पोस्ट नागेश घेतो.

आपला, ९४ मेंढ्यांचा मालक,
आबाजी बिरू बरकडे (सही)
दि. ८ ऑक्टोबर १९९८

सोबत :
१) नोटिशीची नक्कल.
२) म्हाळसाबाईचा रद्द झालेला कागद, अंगठ्यासह.
३) तिच्या मेंढ्यांच्या कानाची खूण (डावा कान, दोन काप), हाताने काढलेली.

साक्षीदार : नागेश आबाजी बरकडे याने अर्ज पूर्ण वाचला. सही करत नाही म्हणाला. एकही ओळ खोटी आहे असे म्हणाला नाही.