हवी तेवढी रजा

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघा कसा आहे ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे दुखत असणार. भाऊजींचा खोकला गेला असं लिहिलंयस, म्हणजे तुला तो आता ऐकू येईनासा झाला असणार. (माझ्या खोकल्याचं आमच्या घरी असंच झालं आहे.) इकडे आम्ही बरे आहोत. बैठकीच्या खोलीची एक भिंत सोडली तर सगळं जागच्या जागी आहे. भिंतीचं पुढे येईलच.

आईच्या दोन खोल्या रिकाम्या करायला मी नेमका कधी येणार, असं तू विचारलंयस. घरमालकाला त्या महिनाअखेरीला हव्या आहेत, गुडघ्यामुळे तुला एकटीला ते जमणार नाही, आणि आईला जाऊन चार महिने झाले तरी मी दर वेळी 'रजा नाही' एवढंच कळवतो. त्यात आता भाऊजींनी कुठूनसं ऐकलं की आमच्या कंपनीत हवी तेवढी पगारी रजा मिळते. 'मग अडलंय कुठे?' असं लिहून तू त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेस. एक पुरली असती.

ताई, हवी तेवढी रजा मिळते हे खरं आहे, आणि मला रजा मिळत नाही हेही खरं आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल. चहा टाकून वाचायला बस.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते आणि कोणता मेकॅनिक कोणत्या दिवशी कोणत्या इमारतीत जाईल ते मी ठरवतो, हे तुला माहीत आहे. पूर्वी आम्हाला वर्षाला चोवीस रजा होत्या. न घेतलेली रजा वर्ष संपताना बुडायची, म्हणून माणसं ती मन लावून घ्यायची. आमच्या स्टोअरकीपरला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण स्वतःच्या आजारांचा त्यांचा अभ्यास मोठा आहे. त्यांना वर्षातून सहा वेळा निरनिराळी दुखणी यायची आणि सहाही वेळा ती सोमवारी यायची. आई गेली तेव्हाही नियमावलीत 'जवळच्या नातलगाचे निधन : तीन दिवस' असं छापलेलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बसमध्ये बसलो आणि चौथ्या दिवशी टेबलावर होतो. तेव्हा मला त्या नियमाचा राग आला होता. आता वाटतं, कोणीतरी बसून एक आकडा तरी ठरवला होता.

दोन महिन्यांपूर्वी मुख्य कचेरीतून एक तरुण साहेब आले. त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की आजपासून रजा मोजायची नाही, ज्याला जेवढी हवी तेवढी त्याने घ्यावी, कारणसुद्धा सांगू नये, कंपनीचा आपल्यावर विश्वास आहे. टाळ्या झाल्या. मग त्यांनी भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. त्यात सगळ्यांची नावं आणि वर्षाचे सगळे दिवस. जो रजा घेईल त्याने आपल्या नावापुढचे चौकोन लाल करायचे, म्हणजे कामाची आखणी सोपी जाते. तरुण साहेब त्याच दिवशी विमानाने परत गेले. (त्यांचं नाव तक्त्यात नव्हतं.)

त्यानंतर पाच आठवडे त्या तक्त्यावर लाल रंगाचा ठिपकासुद्धा पडला नाही. चोवीसपैकी चोवीस घेणारा माणूस हक्काचा धनी असतो. अमर्यादपैकी दोन घेणारा माणूस कामचुकार दिसतो. जाता-येता जो तो तक्त्याकडे बघायचा आणि पहिला कोण निघतो याची वाट पाहायचा. डॉक्टरांची तर फार वाईट अवस्था झाली. ते एक दिवस आजारी पडले नाहीत आणि त्यामुळे त्यांची तब्येत पार उतरली. "मागून मिळते ती कसली रजा," असं ते मला जेवणाच्या सुट्टीत म्हणाले. खरंच त्यांच्या डोळ्यात पाणी होतं.

अशात तुझं मागचं पत्र आलं आणि मी मन घट्ट करून आमच्या साहेबांकडे गेलो. साहेब माणूस वाईट नाही. म्हणाले, "रजा? घ्या की! विचारायचं काय त्यात?" मग जरा थांबून म्हणाले, "साधारण किती दिवस म्हणता?"

"पाच."

"पाच." त्यांनी कॅलेंडरकडे असं पाहिलं, की जणू मी ते भिंतीवरून काढून मागितलं होतं. "घ्या, घ्या. आपल्याला आता मोजायचंच नाही. म्हणजे सोमवार ते शुक्रवार. मागचे-पुढचे शनिवार-रविवार धरले तर नऊ होतात, पण मोजायचं नाही."

"चार केले तरी चालतील."

"अहो, मी कमी करा म्हटलं का? अमर्याद आहे."

"मग तीन?"

"तुमचं तुम्ही ठरवा. कारणसुद्धा सांगायची गरज नाही," असं म्हणून ते हाताची घडी घालून कारणाची वाट पाहत बसले.

खरं कारण ओठावर होतं. पण आईचा विषय निघाला की साहेब चष्मा काढतात. ती गेल्यानंतर मी कामावर आलो तेव्हा काढला होता. तो पुसून झाल्यावर दोघांनाही पुढे काय बोलावं कळेना, आणि शेवटी त्यांनी मला सातव्या मजल्यावर अडकणाऱ्या लिफ्टबद्दल विचारलं होतं. ते पुन्हा नको वाटलं. शिवाय वीस वर्षांची सवय. रजा मागताना माणूस आपोआप काहीतरी बोलतो. मी म्हणालो, "घराला रंग द्यायचाय."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. रंग म्हटल्यावर त्यांना बोलता येत होतं. पाच दिवस लगेच मंजूर झाले, वर एक भिंत गडद निळी घ्या, हल्ली असंच असतं, असा सल्लाही मिळाला. अर्ध्या तासात सगळ्या ऑफिसला कळलं. कोणी ओलीवर उपाय सांगितला, कोणी कपाटं मधे ओढून त्यांवर चादरी घालायला सांगितलं. (एवढी माणसं माझ्याशी एकाच दिवशी कधीच बोलली नव्हती.) डॉक्टरांनी तर माझे दोन्ही हात धरले. त्यांचा मेहुणा रंगारी निघाला.

सोमवारी सकाळी साडेसातला मी बॅग घेऊन तुझ्याकडे यायला दार उघडलं, तर समोर मेहुणा उभा. हातात बादली, खांद्यावर शिडी. माझी बॅग पाहून म्हणाला, "सामान काढायला लागलातसुद्धा? छान. घरमालक असा हवा."

हिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "त्यांना सांगा ना, रंग नकोय म्हणून."

"डॉक्टरांचा मेहुणा आहे."

"मग?"

मी मेहुण्यासाठी चहाचं आधण ठेवलं.

"कारण सांगायची गरज नाही असं तुम्हीच सांगत होतात ना महिनाभर? मग खोटं कशाला बोललात?" असं म्हणून तिने कपाटांवर घालायला जुन्या चादरी काढल्या. ती रागावली की कामाला लागते.

तर अशी सगळी रजा रंगात गेली. बैठकीच्या खोलीची एक भिंत गडद निळी आहे. संध्याकाळी तिच्यासमोर बसलं की खोल पाण्याच्या काठाशी बसल्यासारखं वाटतं. ही तिच्याकडे पाठ करून बसते.

तिकडे ऑफिसात माझं वेळापत्रक डॉक्टरांनी हौसेने सांभाळलं. त्यांनी एकाच इमारतीत तीन दिवस लागोपाठ मेकॅनिक पाठवला. त्या इमारतीतला पहारेकरी आता आमच्या कंपनीबद्दल फार आदराने बोलतो. बाकीच्या चौदा इमारतींत माणसं जिने चढत होती. मी परत गेलो तेव्हा तक्त्यावर माझ्या नावापुढे पाच लाल चौकोन होते आणि बाकी सगळा तक्ता कोरा. कोणी नवीन माणूस आला की साहेब त्याला तक्त्यापाशी नेतात आणि म्हणतात, "बघा, आमच्याकडे घेतात." मग दोघंही वळून माझ्याकडे बघतात.

आता याच महिन्यात पुन्हा रजा मागायची तर कुठल्या तोंडाने मागू? रंगाचा दुसरा हात द्यायचाय म्हणून सांगू? सांगितलं तर मेहुणा येईल.

तेव्हा ताई, या महिन्यात येणं काही जमेलसं दिसत नाही. तू आणि भाऊजींनी दोन माणसं लावून खोल्या रिकाम्या करून घ्याव्यात. भांडी, कपाट, शिवणयंत्र, काय कोणाला द्यायचं ते तूच ठरव. मला त्यातलं काही नको. गुडघ्याला शेक देत जा. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : 'मला त्यातलं काही नको' हे वाचून सोडून दे. काय हवंय ते अजून मला माहीत नाही. माणसं मात्र लावू नकोस.

ता. क. २ : वर सगळी रजा रंगात गेली असं लिहिलंय. मेहुण्याचं काम बुधवारी दुपारीच संपलं. त्याला गुरुवारी दुसरीकडे जायचं होतं. जाताना शिडी आवरता आवरता म्हणाला, "पगारी रजा, आणि हवी तेवढी? मग तुम्ही तीन दिवस इथे माझ्या मागे मागे काय करत होतात? मी तर एकदा घर सोडलं असतं तर परतच आलो नसतो." गुरुवारी मी बसस्टँडवर गेलो होतो. तुझ्या गावच्या दोन बस समोरून गेल्या. दोन्ही जवळजवळ रिकाम्या होत्या. घरी येऊन हिला सांगितलं की जागा मिळाली नाही. तिने बॅगेतले कपडे कपाटात परत ठेवले. ऑफिसला मी रंगाचं खोटं सांगितलं, हिला बसचं. तुला खोटं लिहायला जमत नाही, म्हणून पत्र एवढं लांबलं.

ता. क. ३ : पाकीट बंद केलं होतं ते पुन्हा उघडतो आहे. आज सकाळी साहेबांना खरं कारण सांगितलं. त्यांनी किती दिवस ते विचारलं नाही. पुढच्या बुधवारी सकाळच्या बसने निघतो, दुपारी दोनपर्यंत पोचेन. आता एकच मागणं आहे, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं होतं. मला न्यायला बसस्टँडवर येऊ नकोस, फाटकाशी उभी राहू नकोस. आधी जाऊन आईच्या खोलीत बस. ते कुलूप मला काढायला लावू नकोस. मी दार वाजवीन. तू लगेच उघडू नकोस. गुडघा दुखत असला तर बसल्या जागेवरूनच, पण आईसारखं मोठ्याने, आतून "कोण आहे?" असं विचार. मीच आहे हे माहीत असलं तरी विचार.