बुटांचा तिसरा जोड

प्रिय बाबा,

तू आजोबा झालास! हे मी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगून झालं. सफाईवाल्या मावशींना सांगितलं, रक्त घ्यायला येतो त्याला सांगितलं, शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या दिरालासुद्धा सांगितलं. ज्याला सांगायचं तोच तेवढा राहिला. आईने कळवलं असणारच, पण आईचं बातमी सांगणं तुला माहीत आहे. ‘मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, दार लावून घे’ एवढ्यात ती उरकते. म्हणून मी सविस्तर लिहायला बसले आहे, पत्र आजच आईबरोबर पाठवते. मांडीवर जेवणाचा ट्रे उलटा घातलाय आणि त्यावर कागद. नर्स दोनदा डोकावून विश्रांती घ्या म्हणून गेली, दोन्ही वेळा मी शहाण्यासारखे डोळे मिटले आणि ती वळल्यावर पुन्हा पेन उचललं.

आधी तुझ्या नातीबद्दल. ती इतकी छोटी आहे की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क विचारलं, बाकीची कुठे आहे? काचेच्या पेटीत असते. डोक्यावर लोकरीची टोपी, ती सारखी डोळ्यांवर घसरते, आणि मग बाईसाहेब कपाळाला अशा आठ्या घालतात, की गिऱ्हाईकाने स्वतःच स्वतःचं माप सांगितल्यावर तुझा चेहरा होतो ना, अगदी तोच. नाक तुझ्या जावयाचं आहे, त्याला आता इलाज नाही. पाऊल मात्र बघ बाबा, अख्खं पाऊल तुझ्या अंगठ्याएवढं! बोटं मी मोजून घेतली, सगळी आहेत. डावं उजव्यापेक्षा किंचित लहान वाटतं मला, माझ्यासारखंच. तुझा जावई म्हणतो, तुला वेड लागलंय, एवढ्याशा पायात कसला आलाय फरक. खरं काय ते सांगू शकणारा माणूस अजून तिला बघायला आलेलाच नाही.

आता सगळं सुरुवातीपासून सांगते, कारण तुला यातलं अर्धंच माहीत आहे. आपल्या दुकानात पाऊल टाकणारं प्रत्येक माणूस आधी स्वतःच्या पायांना नावं ठेवत येतं. कुणाचा अंगठा वाकडा, कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच जमिनीला टेकत नाही. आणि तू खाली बसून तो पाय हातात घेतोस आणि म्हणतोस, ‘पाय कधी चुकत नाही, बूट चुकतो.’ मी तुझ्या मागे मागे फिरत, तू माझं नाव टाच ठेवलंस त्या वयापासून, हे ऐकत मोठी झाले. त्यामुळे सातव्या महिन्यात बूट चावायला लागले तेव्हा आपल्या दोघांच्याही मनात दुसरं काही आलंच नाही. खरं सांग, तुला आनंदच झाला होता! लेकीला बूट करायला निमित्त मिळालं. माप घेताना गुणगुणत होतास. मऊ तपकिरी चामडं, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक. ते आवळायला लागले तेव्हा दुसरा जोड केलास, वर जाड कापड आणि पुढून सैल करता येणारे बंद. दुकानात आलेल्या दोन बायकांनी तसेच मागितले आणि आपण ते दर्शनी कपाटात लावायचा बेत केला. सासूबाई म्हणाल्या पाय सुजलेत, मीठ कमी खा, आणि आपण दोघं त्या गेल्यावर किती हसलो होतो, की यांना उसवलेली शिवण दाखवली तरी मीठच कमी करायला सांगतील. डोकं दुखायचं, ते मी सोल चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासावर ढकललं. अंगठी निघेना, ती साबण लावून काढली. पायांना मात्र इतकं सुख होतं बाबा, ढगावरून चालल्यासारखं वाटायचं.

दवाखान्यात गेले ती तुझा तिसरा जोड घालूनच. डॉक्टरीणबाईंनी आत शिरताच बुटांचं कौतुक केलं, कुठून घेतले विचारलं. मग काय विचारतोस, मी फुशारक्याच मारायला लागले. माझ्या बाबाने केलेत, महिन्याभरातला हा तिसरा जोड, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. त्यांचं हसू तिथेच थांबलं. बूट काढायला लावले आणि नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच, ओल्या चामड्यावर पडतो तसा. दंडाला पट्टा बांधून फुगवला, पुन्हा फुगवला, मग दुसऱ्या हाताला बांधला. लघवी तपासली. मग खुर्ची जवळ ओढून शांतपणे म्हणाल्या की रक्तदाब फार चढलाय, मूत्रपिंडांवर ताण आलाय, केव्हाही झटके येऊ शकतात, आणि यावर खरं औषध एकच, बाळ बाहेर येणं. दिवस भरायला अजून दीड महिना होता. आज घरी जायचं नाही म्हणाल्या. मी म्हटलं संध्याकाळी एका गृहस्थांचे बूट द्यायचेत. तर म्हणाल्या, ‘राहू देत त्यांना अनवाणी.’

मग काय, थाटच सुरू झाला! आधी बाळाची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून मला इंजेक्शनं. मग झटके येऊ नयेत म्हणून दुसरं औषध, ते शिरेत जाताना आतून कुणी भट्टी पेटवल्यासारखं वाटतं. खोलीचे पडदे ओढलेले, कुणी मोठ्याने बोलायचं नाही, आणि पोटावर बांधलेल्या यंत्रातून हिच्या हृदयाचे ठोके, तू घाईच्या दिवसांत खिळे ठोकतोस त्या ठेक्यात. शेवटी कळा आणायचं औषध दिलं. तुझा जावई घाबरला की हाताला लागेल ते वाचत सुटतो. भिंतीवर आग लागल्यास काय करावे याचा तक्ता होता, तो त्याने मला इतक्या वेळा वाचून दाखवला की आता कधी आग लागली तर माझ्याच मागे या.

कळा काही येईनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुपारपर्यंत वाट बघू, नाहीतर ऑपरेशन. इथे मी घाबरले बाबा, तुझ्यापासून काय लपवू. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि सारखं वाटत होतं की मी हिला न बघताच जाणार. एक नर्स आहे, खोलीत शिरताना शीळ घालत येते म्हणून सगळे तिला शिट्टी म्हणतात. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘रडायचं तर रडा, पण श्वास घेणं सोडू नका, आत दुसरं कुणीतरी त्यावरच बसलंय.’ तेवढ्यावर मी निभावलं. आणि मग कळा सुरू झाल्या त्या अशा की विचारू नकोस! ज्यांची इतकी वाट पाहिली त्या आल्यावर मी त्यांना थांबा थांबा म्हणत होते. ऑपरेशनची तयारी तशीच राहिली. हिने स्वतःचं स्वतः ठरवलं आणि आली.

आली आणि काहीच आवाज नाही. खोलीतले सगळे एकदम कामाला लागले, कुणी माझ्याकडे बघेना. मग एक आवाज आला. बाळाचं रडणं म्हणतात तसा नव्हता तो. नव्याकोऱ्या बुटाची पहिली करकर असते ना, अगदी तशी! मी हसायलाच लागले. हसत होते आणि रडत होते आणि वर बघून ओरडत होते की ही आमच्याच दुकानातली आहे. क्षणभर तिला माझ्या गालाला लावलं आणि घेऊन गेले.

त्यानंतरचे दिवस काही मजेचे नव्हते. माझा रक्तदाब उतरेना, मला तिच्यापर्यंत जाऊ देईनात, आणि तिकडे ती नळीने श्वास घेत होती. आज काय होईल सांगता येत नाही, असंच रोज सकाळी म्हणायचे. पण बाबा, काल नळी काढली! आपली आपण श्वास घेते! शिट्टीने मला चाकाच्या खुर्चीवरून नेलं, आणि मी नुसती तिच्या छातीकडे बघत राहिले, वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. त्याहून छान काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. आज सकाळी तर थोडं दूधही प्यायली आणि वर जांभई दिली, जशी काही फार दमून आली आहे कुठून तरी.

आता तुझ्याबद्दल. तू कसा आहेस विचारलं की आई पडदा सारखा करायला लागते. तो पडदा आता इस्त्री केल्यासारखा झालाय. म्हणून काल मी आधी नवऱ्याला धरलं आणि मग तिला. पहिल्याच दिवशी तू आला होतास, माझे कपडे घेऊन, वरच्या मजल्यापर्यंत. व्हरांड्यात डॉक्टरीणबाई शिकाऊ डॉक्टरांना सांगत होत्या की पेशंटचे बूटसुद्धा बघत जा, हिचे पाय महिनाभर सुजत होते आणि घरचे नुसते मोठे मोठे बूट करून देत होते. ते ऐकून तू पिशवी खुर्चीवर ठेवलीस आणि जिना उतरून गेलास. आता दुकान बंद आहे, आरी, रापी, हातोडा सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर गेलंय, आणि तू आईला म्हणतोस की माझ्या हातांनी तिला बरं वाटत राहिलं म्हणून तिला काही कळलंच नाही, आता हे हात कुणाला लावायचे नाहीत.

तू घाईने उतरलास बाबा. पुढचं ऐकलंच नाहीस. तिसरा जोड तू सकाळी माझ्या पायात चढवलास आणि जेवायच्या वेळेला तो आवळत होता. मी म्हटलं, जरा सैल करून दे. मला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. तू मात्र बूट हातात घेऊन जमिनीवर बसलास, पुन्हा माप घेतलंस, आणि माझ्यावर असा खेकसलास की बाकावरचं गिऱ्हाईक दचकलं. ‘माझं माप अर्ध्या दिवसात चुकत नाही. बूट बरोबर आहे, पाय चुकलाय. आत्ताच्या आत्ता जा आणि दाखवून ये.’ माझी तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यात होती. मी तसं म्हटलं तर म्हणालास, गेली तारीख खड्ड्यात, आणि स्वतः रस्त्यावर उभा राहून टॅक्सी थांबवलीस. आयुष्यात पहिल्यांदा तू बुटाला सोडून पायाला दोष दिलास. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, तारखेच्या आधी कशा आलात? मी सांगितलं. तेव्हा त्या स्पष्ट म्हणाल्या की तारखेची वाट पाहिली असती तर तुम्ही आणि बाळ, दोघंही हाती लागला नसता. त्या शिकाऊ मुलांनाही त्यांनी हेच सांगितलं, की त्याच घरातल्या माणसाने हिला वेळेवर पाठवलं. तोवर तू खालच्या मजल्यावर पोहोचला होतास.

पण केवळ तुझी समजूत काढायला मी एवढं लिहिलेलं नाही, माझं काम आहे तुझ्याकडे. उद्यापासून बाळाला पेटीतून बाहेर काढणार आहेत. तिला माणसाच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, वरून पांघरूण घालायचं, आणि बसून राहायचं. त्या उबेने आणि आतल्या ठोक्यांनी बाळाचा श्वास लयीत येतो, वजन चढतं, जितका वेळ मिळेल तितका चांगला. सकाळी मी आहे. संध्याकाळी कामावरून आल्यावर तुझा जावई. दुपार रिकामी आहे. सासूबाईंनी आपणहून विचारलं, त्यांना मी सांगून टाकलं की जागा भरली. शिट्टीला तुझं नाव देऊन आले आहे. अंघोळ करून ये, पुढून उघडणारा सदरा घाल, खोकला असेल तर आजच सांग. आणि हातांची काळजी करू नकोस, त्यांचं इथे काही काम नाही. नर्सच बाळ ठेवते आणि नर्सच कापडाने बांधते. तुला भरवसा वाटत नसेल तर खुशाल हात पाठीमागे धरून बस, नाहीतर गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवून ये, फक्त छाती घेऊन ये. उद्या दुपारी ये, बाबा. ती अजून स्वतःची ऊब स्वतः धरू शकत नाही.

तुझीच,
टाच