कोंबड्याच्या वजनापासून सुरुवात

६ एप्रिल, संध्याकाळ
देवरावभाऊच्या पंक्चरच्या दुकानासमोर बेंच आहे. जो बोलते तो बेंचवर बसते. बाकीचे उभे. बाकीचे म्हणजे मी. शाळा सोडली तवापासून उभाच आहो.
विषय तोच, मोबाईलवरचा बॉक्सर. पाच वेगवेगळ्या वजनांत बेल्ट जिंकला. प्रफुल म्हणे, याच्यावर दुनियेत कोणी नाई. विक्की म्हणे, हट बे, एकाच वजनात टिकून सगळ्याईले मारते तो खरा. हा तं जिथी सोपं दिसलं तिथी गेला.
माह्याजवळ भारी पॉइंट आहे. घरी आल्यावर सुचला. उद्या बोलणार. फिक्स.

७ एप्रिल
बोललो!!
म्हटलं, ओलं मोहफूल वजनात जास्त भरते, म्हणून काय ते मोठं झालं? वाळलं का हलकं, फूल तेच. वजन बदलणं काई मोठी गोष्ट नाई.
सगळे माह्याकडं पाहू लागले. इम्प्रेस झाले असतीन.
मंग विक्की म्हणे, असं का? तं ये माह्या वजनात. रविवारी, इथीच. भाऊ पंच.
विक्की सत्तर किलोचा. मी पंचेचाळीस, तेबी जेवल्यावर. प्रफुल म्हणे, जिंकला तं बेंचवर जागा, नाई आला तं इथी उभाबी नाई राहू देत.
मान हालवली. कशी हालवली आठवत नाई, पण त्याईनं हो समजलं.

८ एप्रिल
प्लॅन त्या बॉक्सरसारखाच. हलक्या वजनापासून वर. आधी कोंबडा, मंग माही लहान बहीण दिव्यानी, मंग बोकड, मंग विक्की.
दुपारी शेजारच्या सुगंधाबाईच्या कोंबड्यासमोर गार्ड घेऊन उभा राह्यलो. त्यानं घंटीची वाट नाई पाह्यली. नाकावर टोचलं. फाऊल आहे हे. मॅच रद्द.
सुगंधाबाई म्हणे, काऊन रे, कोंबड्याले काऊन सतावून राह्यला? तुले दुसरा दोस्त नाई का?

९ एप्रिल
सकाळी मायसंग मोह वेचाले गेलो. कंबर धरली. हे लक्षात घ्यावं.
दिव्यानी चौथीत आहे. तिले म्हटलं, हळू मार. ती छातीवर बसली आन म्हणे, म्हण हरलो. म्हटलं. लहान आहे, तिचं मन ठेवलं. तीनदा ठेवलं.

११ एप्रिल, पोटावर झोपून लिहून राह्यलो
बोकड. फुटवर्क एक नंबर होतं. गोल फिरलो तवा पाठ त्याच्याकडं झाली. बस. कुठी लागलं ते लिहत नाई.
माय हळद लावून म्हणे, बोकडानं तुह्यं काय बिघडवलं होतं बापा?
दिव्यानी हासत बाहीर पळाली. कुठी गेली मालूम नाई.
उद्यासाठी आत्मविश्वास पूर्ण.

१२ एप्रिल, रविवार
दिव्यानी कुठी गेल्ती ते समजलं.
विक्की शर्ट काढून उभा होता. मले पाह्यलं आन परत घातला. म्हणे, बोकडानं पाडलेल्याले म्या काय पाडू, माही इज्जत जाईन. प्रफुल म्हणे, कोंबडा, बहीण, बोकड! तीन वजनांत हरला बे, असा रेकॉर्ड कोणाचाच नाई. विक्की म्हणे, बहिणीचं धरू नको, ते घरचं मॅटर आहे. यावर अर्धा घंटा भांडले. बॉक्सरचं नाव नाई निंघालं. नुसतं माह्यं.
मंग देवरावभाऊ म्हणे, सरका बे, चॅम्पियनले बसू द्या. विक्की स्वतः उठला. दुपट्ट्यानं जागा पुसली. मधातली जागा.
सगळे म्हणत होते, बस ना बे, बस.
उभाच राह्यलो. चार-पाच दिवस तरी बसता येत नाई.