खोकल्यावर सुटलेला गाडा

अवसरी बुद्रुक

ती. प्रयागअक्कास,

धाकट्या कुशाबाचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर खोकला आला नाही, ही पहिली बातमी.) सोपान भावजींचे गुडघे आणि तुझी म्हैस कशी आहे ते कळव. तुझ्या खोकल्याचं विचारत नाही, कारण तो चुलीच्या धुराचा आहे आणि त्याची चौकशी तुला खपत नाही. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर आधी तू खोकतेस, मग मी खोकतो, आणि घरच्यांना वाटतं बोलणं झालं. हे सूनबाई वृषालीने मोठ्याने वाचून दाखवावं. तुझा चष्मा काही सापडायचा नाही.

आता यात्रेचं. तिखटमीठ लावून ते तुमच्या डिंभ्याला पोचलं असेलच. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात दरवर्षी माईकवर मीच पुकारतो, तेवढाच माझा मान. (घरात माझं कोण ऐकतं?) यंदा धुरळा होताच, त्यात एका गाडामालकाच्या पोरांनी आनंदाच्या भरात भंडाऱ्याची आख्खी पिशवी माझ्या मांडवावर उधळली. माझं तोंड नेमकं उघडं. मग जो खोकला सुटला तो सगळ्या कर्ण्यांतून. खाली गेणभाऊंचे बैल नुकते जुपले होते, झेंडाही पडला नव्हता. ते असे बिचकून सुटले की दिवसभरात त्यांच्याइतक्या वेगात कुणाचाच गाडा गेला नाही. बाकीचे मालक मांडवात भांडायला आले. मला वाटलं निकाल रद्द करा म्हणतील, तर म्हणाले, "भाऊ, मंग आमच्या बारीलाबी खोका." नाही म्हणायला तोंड उघडलं, तर खोकलाच आला आणि आणखी एक गाडा सुटला. शेवटी यात्रा कमिटीच्या बाळासाहेबांनी माईक काढून घेतला. "आधी खोकला बरा करा, न्हाईतर पुढल्या यात्रंला दुसरा गडी बघतो."

तू पाठवलेला अडुळशाचा काढा प्यालो, ओव्याची धुरीही घेतली. धुरीने शेजारची कोंडाबाईही खोकायला लागली. मग मंगलने मला मंचरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. (तुझी भावजय ऐकत नाही, नेते.) त्यांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं आणि म्हणाले, दमा आहे. मी म्हटलं, धाप लागत नाही, नुसता खोकतो. तर म्हणे काहींचा दमा खोकूनच बोलतो. श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात, धूर, धुरळा, गार वारं लागलं की आवळतात. पंप दिला. तो मी पहिले काही दिवस जिभेवर मारून गिळला आणि डॉक्टरांना चवही सांगितली. त्यांनी हसू दाबून पंप कसा ओढायचा ते पुन्हा दाखवलं. आता प्लास्टिकची नळी लावून सावकाश ओढतो, श्वास जरा धरतो, मग चूळ भरतो. बरं वाटलं तरी हा रोजचा. अचानक उबळ आली तर दुसरा खिशात. कांदा साठवायच्या बराखीत शिरताना मास्क लावतो. पंपाची सवय लागते म्हणतेस, पण मला श्वास घ्यायचीही सवय आहे.

भावजींना नमस्कार.

तुझा,
कुशाबा

ता. क. माईक परत मिळाला. अट एकच, मांडवाजवळ भंडारा नाही. गेणभाऊ तेवढे हळहळतात. परवा हळूच विचारून गेले, यात्रेदिवशी पंप चुकवता येईल का.

आणखी ता. क. डॉक्टरांनी विचारलं, घरात अजून कुणी खोकतं का. तुझ्या धाकाने मी नाही म्हणालो.

शेवटचं. ते असंही म्हणाले, हसल्यावर खोकल्याची उबळ येणं ही दम्याची एक खूण असू शकते. म्हणून तर एवढं लांबण लावलं. ऐकताना तू किती खोकलीस ते वृषाली मला सांगणार आहे, आमचं आधीच ठरलंय. आता चुलीवर ढकलू नकोस, पत्राला धूर नसतो. मला तुझी काळजी वाटते, अक्का. सोमवारी मंचरला ये. एसटीचा भरवसा नाही म्हणशील, तर मी गाडी घेऊन दारात येईन, आणि माईकही आणीन.