एकाच मॉसला दोन नावं

जळगाव, १२ सप्टेंबर २०२४

ती. रत्नाआत्यास,
मयुरीचा सा. न. वि. वि.

तुझ्या वनखात्याच्या नाक्यावर रेंज नाही, म्हणून हे पत्र. जुलैत तुझ्या हद्दीतल्या नाल्यातून मी मॉस नेलं होतं, आठवतं? खडकावर सतरंजीसारखं पसरलेलं. तुझा वना वॉचर त्याला शेवाळ म्हणाला आणि मॉस वेगळं, शेवाळ वेगळं हे समजावत मी बिचाऱ्याला अर्धा तास पिडलं. त्यातल्या उन्हाच्या बाजूची पानं आखूड, पिवळसर, दांड्याला चिकटलेली. सावलीतली लांब आणि हिरवी. माझे पीएच.डी.चे सर म्हणाले की उन्हातली जात जगाला नवी आहे. तिला संस्थेच्या अध्यक्षांचं नाव द्यायचंही ठरलं. पेपरात माझा फोटो आला, भाऊंनी असोद्यात पेढे वाटले.

आत्या, ती जात नवी नाही. उन्हातला तुकडा मी बरणीत ओला ठेवून खोलीच्या सावलीत वाढवला. सात आठवड्यांत त्याला जे कोंब फुटले ते थेट लांब पानांचे. म्हणजे दोन्ही एकच, आणि त्या जातीला नाव मिळून शंभर वर्षं झाली. सरांना दाखवलं तर म्हणाले, बरणीतलं मॉस म्हणजे दवाखान्यातला माणूस, त्याच्यावरून धडधाकटाची पारख करू नये. दिवाळीआधी शोधनिबंधावर माझी सही हवी म्हणतात.

मी करणार नाही. पण बरणीपलीकडे पुरावा नाही, आणि भाऊंना कसं सांगू ते सुचत नाही.

तुझी माया आहे तशीच माझ्या पाठीशी असू दे.
तुझी मयुरी


ता. शिरपूर, २५ सप्टेंबर

चि. मयुरीस अ. आ.

पत्र एस.टी.च्या कंडक्टरनं हातात आणून दिलं. गावभर पेढे वाटले आणि मला एकही नाही! तुझ्या भाऊंना म्हणावं, अमृतदादा, बहीण अजून जिवंत आहे.

आता ऐक. त्या खडकावर मोठं उंबर होतं. चार वर्षांमागे वादळात पडलं, पंचनामा मीच केला, तारीख वहीत आहे. तोवर तो खडक या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच हिरवा होता. त्याच्यावर बसून मी कितीदा भाकर खाल्ली. उंबर गेलं, ऊन पडलं, तेवढीच बाजू पिवळी पडली. चार वर्षांत जगाला नवी जात कुठून होईल?

काल वनाला घेऊन परत गेली. नाला भरलेला, वना दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा तुझा उद्धार केला. ऊन नि सावली जिथे भेटतात तिथला वीतभर पट्टा अखंड सोडवून आणला. नमुने न्यायच्या तुझ्या परवानगीत बसतं तेवढाच. कागदात घालून पाठवते, टोकांवर खुणा केल्या आहेत.

सही करू नको. कसाले घाबरस? सोळा वर्षं इकडे काढून मीही यांच्यासारखी बोलायला लागली: खरं शे ते खरं शे. दादाचं माझ्यावर सोड. खाल्लेला पेढा कोणी परत मागत नाही.

जेवत जा, आणि आत्याला विसरू नको.
रत्नाआत्या


जळगाव, ३० नोव्हेंबर

ती. रत्नाआत्यास सा. न. वि. वि.

तुझा पट्टा पाण्यात घातला तशी पानं उलगडली. मग एकेक दांडा सोडवत दोन दिवस बसले. एकोणीस दांडे असे निघाले की एका टोकाला लांब पानं, दुसऱ्या टोकाला आखूड. एकच दांडा, आत्या! सरांनी पाहिलं आणि म्हणाले, हे कपाटात ठेव.

मी ठेवलं नाही. अध्यक्षांसमोर सादरीकरण होतं तिथे पडद्यावर तोच दांडा दाखवला आणि सांगितलं की ही नवी जात नाही, हिला तुमचं नाव देता येणार नाही. अध्यक्ष उठून गेले. सरांनी दुसऱ्याच दिवशी माझं मार्गदर्शन सोडलं. दांडे मी पुण्याला मॉसच्या जाणत्या एका प्राध्यापक बाईंकडे पाठवले. त्यांनी लेखी कळवलं की जात जुनीच, खानदेशात मात्र तिची नोंद आजवर कुणी केलेली नव्हती. सरांनी माझ्या सहीविना धाडलेला निबंध मागच्या आठवड्यात मागे घेतला गेला. बाई मला विद्यार्थिनी म्हणून घ्यायला तयार आहेत. वर्ष मात्र वाया जाणार.

तू कळवलंस तसे भाऊ चार दिवस माझ्यावर रुसून होते. पाचव्या दिवशी असोद्याहून येऊन सूक्ष्मदर्शकाशी बसले. एक डोळा मिटून कितीतरी वेळ पाहिलं आणि म्हणाले, एकच आहे ना बाई, मग दोन नावं कशाला? जाताना विचारत होते, पेपरवाले हेही छापतील का. मी म्हटलं, नाही छापणार. तर म्हणाले, मग गावात मी सांगतो.

वर्ष गेलं तर जाऊ दे. मी जानेवारीत परत येतेय, नाल्याच्या वरच्या अंगाला अजून बरेच खडक बघायचे राहिलेत. वनाला सांग, बूट नवे घे.

राग-लोभ दोन्ही हक्काने करत राहा.
तुझी मयुरी